पिकअप कुणाचा चांगला?

आमच्या लहानपणी आळीत एखादी मोटार येऊन उभी राहिली, की आम्हा पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “ही किती पळते हो?” ड्रायव्हर काही न बोलता काचेआडच्या तबकडीकडे बोट दाखवी. तबकडीवरचा शेवटचा आकडा १२० असला, तर गाडी ताशी १२० पळते असे आम्ही धरून चालत असू. ती बिचारी आयुष्यात साठाच्या वर कधी गेलेली नसे. पण आकडा होता ना, मग प्रश्न मिटला!

हल्लीची मुले हा प्रश्न विचारीत नाहीत. त्यांचा प्रश्न निराळा आहे. “शून्यापासून शंभरापर्यंत किती सेकंद?” गाडी किती पळते याच्याशी त्यांना कर्तव्य नाही, ती पळायला किती लवकर लागते, हे त्यांना हवे असते. शाळेच्या पुस्तकात याला हल्ली त्वरण म्हणतात. जुन्या पुस्तकांत प्रवेग म्हणत. गॅरेजात, रिक्षाच्या स्टँडवर आणि सिग्नलला मात्र त्याला एकच शब्द आहे – पिकअप.

तंत्रनिकेतनात मोटारीचे इंजिन शिकवण्यात माझी बत्तीस वर्षे गेली. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत, आगगाडीच्या डब्यात, रविवारी सकाळी न्हाव्याच्या दुकानात, कुठेही बसलो तरी कुणीतरी गाठतेच. “सर, खरं सांगा. पिकअप कुणाचा चांगला? पेट्रोलच्या गाडीचा की विजेच्या?” एका पक्षाचे म्हणणे असे, की विजेची गाडी म्हणजे मोठ्या माणसांचे खेळणे. दुसरा पक्ष म्हणतो, पेट्रोलवाल्यांनी आता गाशा गुंडाळावा. दोन्ही पक्षांचे अर्धेअर्धे बरोबर असते आणि आवाज दोन्हींचा सारखाच चढलेला असतो. म्हणून म्हटले, यंदा दिवाळीच्या निमित्ताने या वादाची गाठ नीट सोडवून पाहावी.

सुरुवातीलाच एक खुलासा. मोटार म्हणजे गाडी आणि मोटर म्हणजे विजेचे यंत्र, एवढा भेद या लेखापुरता आपण पाळू. नाहीतर लेखक आणि वाचक दोघेही गोंधळतील.

सव्वाशे वर्षांपूर्वीची चुरस

पुष्कळांना वाटते की विजेची गाडी ही काल-परवाची कल्पना. तसे मुळीच नाही. मोटारीच्या वेगाचा पहिला नोंदलेला विक्रम विजेच्याच गाडीने केला आहे. १८ डिसेंबर १८९८ रोजी पॅरिसजवळच्या आशेर येथील सरळ रस्त्यावर गास्तों द शास्लू-लोबा या फ्रेंच उमरावाने ताशी ६३.१५ किलोमीटर वेग गाठला. ही बातमी कामिय जनात्झी या बेल्जियन इंजिनिअरला सहन झाली नाही. तो स्वतः विजेच्या गाड्या बांधणारा. त्याने आव्हान दिले, आणि पुढचे चार-साडेचार महिने दोघांमध्ये जी चुरस लागली ती आपल्याकडच्या कुस्तीच्या फडात शोभावी अशी होती. १७ जानेवारी १८९९ला जनात्झीने ६६.६६ केले, त्याच दिवशी उमरावाने ७०.३१ करून उत्तर दिले. दहा दिवसांनी जनात्झी ८०.३५वर गेला. मार्चमध्ये उमराव ९२.७८वर. शेवटी २९ एप्रिलला जनात्झी एक अजब वाहन घेऊन आला. चाकांवर आडवा ठेवलेला पाणतीर म्हणा ना! त्याच्यावर कमरेपासून वर हा दाढीवाला गृहस्थ उघड्यावर बसलेला. गाडीचे नाव त्याने ठेवले होते ‘ला जामे कोंतांत’, म्हणजे कधीच समाधान न होणारी. मागच्या चाकांना दोन मोटरी, पोटात बॅटऱ्या. वेग भरला १०५.८८. रस्त्यावरच्या वाहनाने ताशी शंभर किलोमीटरची वेस ओलांडली ती ही अशी, विजेवर.

(या जनात्झीचा अंतही त्याच्यासारखाच विलक्षण झाला. १९१३ साली शिकारीच्या मुक्कामी मित्रांची गंमत करावी म्हणून झुडपामागे लपून त्याने रानडुकराचा आवाज काढला. तो इतका हुबेहूब होता, की मित्राने गोळी झाडली.)

मग पेट्रोलने बाजी मारली ती कशी? पिकअपवर नव्हे, पल्ल्यावर. त्या काळच्या शिशाच्या बॅटऱ्या वजनाला भारी आणि लवकर रित्या होणाऱ्या. उलट पेट्रोलचा एक डबा टाकीत ओतला की गाडी पुन्हा दूरवर जायला तयार. पेट्रोलच्या गाडीची मोठी अडचण एकच होती. समोर हँडल मारल्याशिवाय ती सुरू होत नसे, आणि ते हँडल उलटे फिरले की मनगट मोडे. १९१२ साली कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंगने बनवलेला स्टार्टर बसला आणि ही अडचण संपली. स्टार्टर म्हणजे तरी काय? बॅटरीवर चालणारी विजेची मोटर! पेट्रोलच्या गाडीने विजेच्या गाडीला रस्त्यावरून हटवले ते विजेच्याच मोटरीचा हात धरून. या एका गोष्टीत आपल्या सगळ्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे, ते कसे ते पाहू.

धावता हमाल आणि उभा बैल

पेट्रोलचे इंजिन हा एक विचित्र हमाल आहे. तो धावत असतानाच ओझे उचलू शकतो. उभा असला की त्याच्या अंगात काडीचे बळ नसते. याचे कारण त्याच्या पोटात आहे. पेट्रोल-हवेचे मिश्रण आत ओढायचे, दाबायचे, पेटवायचे आणि धूर बाहेर टाकायचा, या चार कामांपैकी ताकद मिळते ती एकाच कामात. बाकीची तीन कामे आधीच्या गतीच्या जोरावर उरकायची. गतीच नसेल तर काहीच होणार नाही. म्हणून हे इंजिन मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांच्या खाली उतरू द्यायचे नसते. उतरले, की आचका देऊन ते बंद पडते. शिकाऊ माणसाची गाडी चौकात बंद पडते आणि मागचे हॉर्न वाजवतात, त्याचे मूळ इथे आहे.

आता पाहा, इंजिन तर फिरते आहे आणि चाके उभी आहेत. या दोघांची गाठ घालायची कशी? त्यासाठी क्लच. फिरणाऱ्या तबकडीला उभी तबकडी हळूहळू घासू द्यायची आणि दोघींचा वेग जुळला की पाय सोडायचा. हे घासणे हाच पेट्रोलच्या गाडीचा पहिला सेकंद. त्यात ताकद वाया जाते, वेळ जातो, आणि हात-पाय जमले नाहीत तर अब्रूही जाते.

विजेची मोटर याच्या अगदी उलट आहे. ती म्हणजे जुवाला खांदा लावून उभा असलेला बैल. जागेवरून हलण्यापूर्वीच तिचा जोर पुरता लागलेला असतो. वीज सोडली की चुंबक चुंबकाला ओढू लागतो. त्याला आधीच्या गतीची गरज नाही. किंबहुना मोटरीचा पीळ, इंजिनिअर ज्याला टॉर्क म्हणतात तो, उभ्या स्थितीत सर्वांत अधिक असतो. (पीळ म्हणजे काय हे कळायला पंक्चर झालेल्या चाकाचा नट पान्याने सोडवून पाहावा. पान्यावर हाताने जे लावतो ते.) मोटर जोरात फिरू लागली, की तिच्यातच उलट दिशेचा विजेचा दाब तयार होतो, बॅटरीला आणखी वीज आत ढकलणे कठीण होत जाते आणि पीळ उतरू लागतो. म्हणजे इंजिनाचा जोर येतो उशिरा. मोटरीचा जोर असतो आधीपासून आणि पुढे ओसरतो.

स्टार्टर चालतो तो याचमुळे. मेलेल्या इंजिनाला जागे करायला असे यंत्र लागते, जे स्वतः उभे असताना जोर करू शकेल.

आगगाडीवाल्यांना हे गुपित पहिल्यापासून ठाऊक आहे. आपण ज्याला डिझेलचे इंजिन म्हणतो, त्याच्या बहुतेक मोठ्या नमुन्यांत डिझेल चाके फिरवीतच नाही! डिझेलवर वीज तयार होते आणि चाकांना जोडलेल्या मोटरी गाडी ओढतात. हजारो टनांची मालगाडी क्लच घासून हलवायची म्हटली तर तो क्लच जळूनच जाईल. मुंबईकराला तर हे सांगायलाच नको. ३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदर ते कुर्ला हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी धावली. दर दोन-तीन मिनिटांनी थांबायचे आणि पुन्हा सुटायचे, अशा धंद्याला वीजच हवी. (वाफेचे इंजिनही उभ्या जागी जोर करते, हे आमच्या रेल्वेप्रेमी वाचकांनी पत्राने कळवण्यापूर्वीच मी मान्य करून टाकतो. पण त्याच्या पाठीवर कोळसा आणि पाणी लादलेले असते.)

गिअरची गोम

इथे एक सापळा आहे, आणि जाहिरातीत त्याचा पुरेपूर उपयोग होतो. पुण्याजवळ रांजणगावला बनणारी टाटांची नेक्सॉन घ्या. २०२० साली तिचा विजेवरचा नमुना बाजारात आला तेव्हा त्याची मोटर १२९ अश्वशक्तीची आणि पीळ २४५ न्यूटन-मीटर होता. त्याच वेळच्या पेट्रोल नेक्सॉनचे इंजिन १२० अश्वशक्तीचे आणि पीळ १७०. लोक म्हणतात, “बघा, २४५ विरुद्ध १७०! संपला खेळ.”

खेळ असा संपत नाही. मोटरीचा पीळ चाकाला थेट मिळत नसतो; मध्ये दातेरी चक्रे असतात आणि ती पीळ वाढवतात. आपल्याकडच्या लहान पेट्रोल गाड्यांत पहिल्या गिअरला तो साधारण बारा ते पंधरा पट होतो. विजेच्या गाडीत एकच गिअर, आणि तो साधारण नऊ-दहा पट देणारा. आता गुणाकार करून पाहा. दोन्हींचा चाकावरचा पीळ जवळजवळ सारखाच येतो! पहिल्या गिअरमध्ये, इंजिन नेमक्या फेऱ्यांवर असताना, पेट्रोलची गाडी विजेच्या गाडीच्या खांद्याला खांदा लावू शकते.

पण माणूस पहिल्या गिअरमध्ये किती वेळ राहणार? चाळीस-पंचेचाळीसला दुसरा टाकावा लागतो आणि पीळ एकदम निम्म्यावर येतो. तिसऱ्यात आणखी खाली. शिवाय प्रत्येक गिअर टाकताना क्षणभर इंजिनाचा चाकाशी संबंधच तुटतो. त्या क्षणी गाडी नुसती घरंगळत असते. विजेच्या गाडीत हे काही नाही. पहिल्या गिअरसारखा जोर आणि चौथ्या गिअरसारखा पल्ला एकाच दमात. विजेच्या नेक्सॉनला शून्य ते शंभर ९.९ सेकंद लागतात, असे कंपनीने तेव्हा जाहीर केले होते, आणि तेही बॅटरीचे वजन पोटात घेऊन.

ताकदीचा हिशेबही एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. दीड टन वजनाची गाडी ताशी शंभरला पोचली की तिच्यात सुमारे ५ लाख ७९ हजार ज्यूल ऊर्जा साठते. तेवढ्या ऊर्जेत तीच गाडी ३९ मीटर उंच, म्हणजे तेरा मजली इमारतीच्या गच्चीवर नेऊन ठेवता येईल. विजेच्या बिलाच्या भाषेत ही अवघी एक षष्ठांश युनिट! पण ती दहा सेकंदांत द्यायची म्हणजे सरासरी ७९ अश्वशक्ती सतत हवी. पाच सेकंदांत द्यायची तर १५७. सरासरी आणि सतत हे दोन शब्द महत्त्वाचे. १२० अश्वशक्तीचे इंजिन १२० देते ते एका ठरावीक फेऱ्यांवर, घटकाभर, पुढे-मागे कमीच. मोटर आपली पुरी शक्ती मोठ्या टप्प्यात देत राहते. बाजारात भाव तोच, पण एकाचे माप काठोकाठ आणि दुसऱ्याचे शिगेपर्यंत क्वचितच भरलेले.

कारखान्याच्या आवारातली परीक्षा

पुस्तकी हिशेबावर माझ्या भाच्याचा विश्वास नाही. त्याच्याकडे पेट्रोलची गाडी आहे, हाताने गिअर टाकायची, आणि ती चालवण्याचा त्याला अभिमान आहे. आमच्या शेजारच्या डॉक्टरांनी त्याच आकाराची विजेची गाडी घेतलेली. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी चाकणच्या बाजूला एका मित्राच्या कारखान्याचे आवार मोकळे मिळाले. आत काँक्रीटचा सरळ रस्ता, दोन्ही टोकांना फाटके, माणूस-काणूस कुणी नाही. साठाच्या वर कुणी जायचे नाही, असे मी आधीच बजावले.

भाचा तयारीने आला होता. डॉक्टर ऐन वेळी दवाखान्यात अडकले, म्हणून त्यांची पत्नी गाडी घेऊन आल्या. या बाईंनी जन्मात कधी कुणाशी शर्यत लावली नव्हती. त्यांनी विचारले, “सर, मी नक्की काय करायचं?”

मी म्हटले, “रुमाल खाली आला की पेडल दाबायचं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

पहिल्या खेपेला भाच्याची गाडी जागीच बंद पडली. दुसऱ्या खेपेला त्याने इंजिन इतके फिरवले, की चाके जागच्या जागी किंचाळली आणि क्लचचा जळका वास माझ्यापर्यंत आला. तिसऱ्यांदा सुटला तो मात्र सुरेख सुटला. पाय, हात, कान सगळे एका तालात. तरीही रस्त्याच्या मध्यावरच्या शेडपाशी बाईंची गाडी दोन गाड्यांच्या लांबीने पुढे होती. नंतर ते अंतर फारसे वाढले नाही, कमीही झाले नाही. मग भाच्याच्या हट्टामुळे चाळीसच्या वेगाने बरोबरीने चालत येऊन तिथून साठापर्यंतची चढाओढ केली. भाच्याने आधीच दुसरा गिअर टाकून ठेवला होता. या खेपेला दोघे जवळजवळ बरोबर राहिले.

मला महत्त्वाचा वाटला तो निकाल नव्हे. बाई चार वेळा सुटल्या आणि चारही वेळा एकसारख्या सुटल्या. भाचा चार वेळा सुटला आणि चार तऱ्हांनी सुटला. पेट्रोलच्या गाडीचा पिकअप शिकावा लागतो. विजेच्या गाडीचा पिकअप पेडलबरोबर विकत मिळतो. (आपोआप गिअर बदलणाऱ्या पेट्रोल गाड्याही आहेत, हे खरे. पण पाय दाबल्यावर गिअर ठरवायला त्या क्षणभर घुटमळतात. त्या क्षणात मोटर निघून गेलेली असते.)

भाचा म्हणाला, “मामा, पण यात मजा कसली? आवाज नाही, काही नाही.” त्याचे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही. इंजिनाचा चढता स्वर हा चालवणाऱ्याला वेगाचा अंदाज देत असतो. बाईंना खाली उतरल्यावर विचारले, किती वेगाने गेलात? त्या म्हणाल्या, “असेल तीसेक.” तबकडीवर मी ५८ पाहिले होते.

विजेची बाजू कुठे लंगडी पडते?

विजेचा जोर सुरुवातीला. वेग वाढत जातो तसा तो ओसरतो. पन्नासच्या आत कुणी तिच्या वाऱ्याला उभे राहत नाही, पण द्रुतगती मार्गावर ऐंशीवरून शंभरावर जाताना चांगले पेट्रोल इंजिन, योग्य गिअरमध्ये, तिला सोबत करते. पोर्शे कंपनीने आपल्या टायकान या विजेच्या गाडीला मागच्या आसाला दोन गिअर बसवले ते याच कारणाने: एक सुटण्यासाठी, दुसरा पळण्यासाठी. दुसरे, बॅटरी. ती फार उतरली, फार तापली किंवा फार गारठली, की गाडीचा संगणक मोटरीला हात आखडता घ्यायला लावतो. पेट्रोलची टाकी तळाला गेली म्हणून इंजिन कधी मंदावत नाही. उलट गाडी थोडी हलकीच होते. घाटात मात्र पुन्हा वीज वरचढ. खंडाळ्याच्या उंचीवर हवा विरळ होऊन साध्या पेट्रोल इंजिनाची पाच-सहा टक्के ताकद जाते. मोटर श्वासच घेत नाही, तर तिला दम कसला लागणार?

जाहिरातीतले आकडे वाचतानाही चष्मा पुसून घ्यावा. अमेरिकेतला आकडा शून्य ते साठ मैलांचा असतो. साठ मैल म्हणजे ९६.६ किलोमीटर, शंभर नव्हे. आणि तिथल्या शर्यतींच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या फुटभर अंतराला लागलेला वेळ कित्येकदा मोजतच नाहीत. टेस्लाच्या मॉडेल एस प्लेड गाडीचा २०२१ सालचा १.९९ सेकंदांचा गाजलेला आकडा असाच, पहिला फूट वगळून. आपल्याकडे पावसाळ्यात नाक्यावर सुटणाऱ्याला कोणी फूट सोडत नाही!

विक्रमांचे म्हणाल तर पेट्रोलचा तिथला दरबार आता उठल्यासारखाच आहे. फ्रान्समध्ये बनलेली बुगाटी शिरों ही सोळा सिलिंडरांची, पंधराशे अश्वशक्तीची गाडी शंभर गाठायला सुमारे २.४ सेकंद घेते. क्रोएशियातल्या रिमात्स कंपनीच्या नेवेरा या विजेच्या गाडीने २०२३ साली १.८१ घेतले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळ विद्यार्थ्यांनी बांधलेल्या मिथेन नावाच्या चिमुकल्या गाडीने कमाल केली. वजन १४० किलोच्या आसपास, चारही चाकांना मोटरी. शून्य ते शंभर ०.९५६ सेकंदात, १२.३ मीटर अंतरात! एसटीची बस साधारण तेवढीच लांब असते. पेट्रोलवाल्यांना सर्वोच्च वेगाचा तेवढा आधार होता. बुगाटीने २०१९ला ४९०.४८ गाठले होते. सप्टेंबर २०२५मध्ये चिनी यांगवांग यू ९ एक्स्ट्रीमने, विजेवर, ४९६.२२ करून तोही काढून घेतला.

पण एक मर्यादा दोघांनाही सारखीच आहे, ती टायरची. गाडीला पुढे ढकलतो तो शेवटी रस्ता. गाडीच्या वजनाइतकीच पकड टायरने धरली, तर शंभराला लागणारा वेळ २.८३ सेकंदांच्या खाली जाऊच शकत नाही, मग आत इंजिन काही असो. त्याहून कमी वेळ हवा तर चिकट खास टायर हवेत; त्या स्विस गाडीला तर खालची हवा शोषून जमिनीला घट्ट बिलगणारे यंत्र लावावे लागले. ओल्या रस्त्यावर हीच पकड निम्म्यापर्यंत उतरू शकते. तिथे हजार अश्वशक्ती घेऊन माणूस करणार काय?

सायकल आणि कुंड्या

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहावासा वाटला, ते सांगतो.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त गृहस्थ आहेत. तीस वर्षे त्यांनी प्रीमियर पद्मिनी चालवली. तिचे ते १०८९ सीसीचे, चाळीसेक अश्वशक्तीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि लाडीगोडी लावल्याखेरीज न जुळणारा क्लच. पद्मिनीचे पेडल तळापर्यंत दाबले तरी ती आधी विचार करी, मग निघे. मुलाने हौसेने वडिलांना विजेची गाडी घेऊन दिली. एका संध्याकाळी ती पार्किंगमधून बाहेर काढताना त्यांनी पद्मिनीच्या मापाने पाय दिला. गाडी आवाज न करता उडी मारून समोरच्या भिंतीवर गेली. सात कुंड्या फुटल्या आणि भिंतीला टेकवलेली एक लहान सायकल चेपली. सायकलवाला मुलगा दोन मिनिटांपूर्वी पाणी प्यायला वर गेला होता.

यात गाडीत काही बिघाड नव्हता. गणित करून पाहा. साधी, घरगुती विजेची गाडीही सेकंदागणिक आपला वेग सेकंदाला तीन मीटरने सहज वाढवते. म्हणजे दोन सेकंदांत ती सहा मीटर, वीस फूट, पुढे गेलेली असते आणि ताशी जवळजवळ बावीस किलोमीटर वेगात असते. घाबरलेल्या माणसाला काहीतरी भलतेच होते आहे हे उमगून पाय उचलायला एक-दीड सेकंद लागतो. पार्किंगमध्ये वीस फूट मोकळे कुठे असतात? पद्मिनीच्या काळी क्लच हा रखवालदार होता. पाय चुकला की इंजिन बंद पडे आणि लोक हसत, एवढ्यावर भागे. तो रखवालदार आता रजेवर गेला आहे.

जगात याची दखल घेतली जाऊ लागली आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये चीनच्या सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाने एक मसुदा चर्चेला ठेवला. गाडी दर वेळी सुरू केल्यावर तिची मूळची चाल अशी असावी, की शंभर गाठायला किमान पाच सेकंद लागतील. ज्याला अधिक हवे त्याने मुद्दाम बटण दाबून घ्यावे. युरोपात जुलै २०२१पासून प्रत्येक नव्या विजेच्या गाडीला हळू चालताना आवाज करणारे यंत्र सक्तीचे आहे, रस्त्यातल्या आंधळ्या-पांगळ्यांना आणि पोरांना चाहूल लागावी म्हणून. आपल्याकडे १ जून २०२२ला पुणे-नगर रस्त्यावर एसटीची ‘शिवाई’ ही विजेची बस सुरू झाली, ज्या रस्त्यावर १९४८ साली एसटीची पहिली गाडी धावली होती त्याच रस्त्यावर. विजेच्या बसचा जोर कारखान्यातच संगणकाने मवाळ करून ठेवतात. नाहीतर उभे प्रवासी मागच्या बाकावर जाऊन पडतील. बसला जे सुचते ते घरच्या गाडीला का सुचू नये?

तशी सोय बहुतेक गाड्यांत असतेही. ‘इको’ नावाची एक चाल असते. तिच्यात पेडल तेवढेच दाबले तरी गाडी सावकाश निघते. ‘स्पोर्ट’ नावाची दुसरी, तिच्यात उलटे. दुकानात गाडी दाखवणारा विक्रेता हमखास दुसरी दाखवतो. गिऱ्हाइकाची मान मागे आपटली की त्याला सौदा झाल्यासारखे वाटते. गिऱ्हाइकाने आग्रहाने पहिली मागून घ्यावी, घरातले जे कोणी ती गाडी चालवणार असतील त्या सर्वांना मोकळ्या मैदानात दोन तास तिच्यावर बसवावे, आणि पार्किंगमध्ये ब्रेकवर पाय ठेवूनच ती हलू द्यावी. घाटात मोठ्या ट्रकला ओलांडताना हाच पिकअप प्राण वाचवतो, ही गोष्टही तितकीच खरी. उलट्या बाजूला कमी वेळ काढावा लागतो.

त्या निवृत्त गृहस्थांनी गाडी विकली नाही. भिंत त्यांनी स्वखर्चाने बांधून दिली आणि मुलाला नवी सायकल आणली. रोज संध्याकाळी ते पत्नीला घेऊन मंडईत जातात. त्यांच्या नातीने गाडी ‘इको’वर लावून दिली आहे आणि शेजारच्या बटणावर जखमेला लावायची चिकटपट्टी दोन आडव्या आणि एक उभी अशी डकवून ठेवली आहे.